पंधरा वर्षं न उतरवलेलं युरिक ॲसिड : पारोळा तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय 56, राहणार पारोळा तालुक्यातल्या बोरी नदीकाठच्या एका गावात. सात एकर जमीन, कापूस आणि मका. वजन 84 किलो, उंची 168 सेंटिमीटर. तक्रार : तीन दिवसांपासून उलट्या, उभं राहवत नाही, ताप, आणि दोन्ही गुडघे, उजवा घोटा व उजवं मनगट सुजून लाल.

हे प्रकरण एका व्यक्तीचं नाही. खान्देशात गाऊटचे (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साचून होणाऱ्या आजाराचे) जे रुग्ण फार उशिरा दवाखान्यात येतात, त्यांच्यात पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णाच्या अंगावर घालून ते रचलं आहे. तपासण्यांचे आकडे अशा रुग्णात सापडतात तसेच ठेवले आहेत.

दाखल करताना

रक्तदाब 92/60, नाडी 118, ताप 101. मे महिना, बाहेर 44 अंश, त्यामुळे पहिला संशय उष्माघाताचा. दुसरा जंतुसंसर्गाचा, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी 14,600 आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर एक उघडी, स्रवणारी जखम. क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात चढणारा घटक) 3.1. सोडियम 128. साखर मात्र 68, आणि मधुमेह असलेल्या माणसात एवढ्या तापात साखर खाली असणं चमत्कारिक होतं.

चेहरा गोल, मानेमागे चरबीचा उंचवटा, हातापायांच्या काड्या, दंडावर टाचणी लागली तरी उमटावेत तसे काळेनिळे डाग. ही ठेवण पाहिली की प्रश्न एकच विचारायचा : पुडी कोण देतं?

बायकोने पिशवीतून कागदाची पुडी काढली. आठवडे बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून सहा वर्षं तपकिरी भुकटी घेतली जात होती, सकाळी एक, संध्याकाळी एक. तो माणूस आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) बाजारात आलाच नाही. पुड्या संपल्या, आणि चौथ्या दिवशी शेतकरी अंथरुणातून उठेना. अशा भुकट्यांत स्टेरॉईड आणि वेदनाशामक गोळ्या कुटून घातलेल्या सर्रास सापडतात. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉईड मिळालं की मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून देतात. पुरवठा एकाएकी तुटला की शरीराकडे तातडीच्या वेळी लागणारं कॉर्टिसॉल उरतच नाही. रक्तदाब कोसळतो, सोडियम आणि साखर उतरते, उलट्या होतात.

कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवलं आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम शिरेतून दिलं, सोबत सलाईन. पुढे दर सहा तासांनी 50 मिलिग्रॅम. चार तासांत रक्तदाब 110 वर आला. दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉलचा अहवाल आला : 2.1 मायक्रोग्रॅम. एवढ्या आजारी माणसात तो 18 च्या पुढे असायला हवा.

गुडघ्यातून सुईने 25 मिलिलिटर गढूळ पिवळं पाणी काढलं. ही पायरी टाळू नये. गाऊटचा सांधा आणि पू झालेला सांधा वरून सारखेच दिसतात. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून स्फटिक सापडले तरी कल्चरला पाठवायचंच. इथे पेशी 28,000 आणि कल्चर कोरं. थेंब काचपट्टीवर घेऊन ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा पांढऱ्या पेशींच्या पोटात घुसलेल्या बारीक सुया दिसल्या : सूक्ष्मदर्शकातल्या रंगपट्टीच्या (कॉम्पेन्सेटरच्या) अक्षाला समांतर आल्या की पिवळ्या, काचपट्टी फिरवून आडव्या केल्या की निळ्या. मोनोसोडियम युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार. सांध्यातले स्फटिक असे ओळखायची रीत 1961 पासूनची आहे आणि आजही गाऊटचा याहून पक्का पुरावा नाही.

म्हणजे रुग्ण तीन आजार एकत्र घेऊन आला होता : अनेक सांध्यांतला गाऊटचा झटका, अधिवृक्क ग्रंथींचं संकट आणि बिघडलेलं मूत्रपिंड. मूळ पहिलंच. उरलेले दोन पहिल्यावर केलेल्या घरगुती इलाजाने आले.

मागचा हिशेब

पहिला झटका 41 व्या वर्षी. आखाजीला आलेल्या पाहुण्यांबरोबर दोन दिवस मटण, दारू, वर आमरस, आणि उन्हात लग्नांचा प्रवास. तिसऱ्या रात्री दोनला जाग आली. त्याचे शब्द असे : "रातले आंगठा ठणकस, चादरबी सहन व्हत नही." गाऊटचं याहून नेमकं वर्णन पुस्तकातही सापडणार नाही. काटा रुतला असेल म्हणून घरच्यांनी टाच पाहिली, बिब्ब्याचा चटका दिला. आठव्या दिवशी सूज उतरली आणि श्रेय बिब्ब्याला गेलं.

खरं म्हणजे गाऊटचा झटका काही केलं नाही तरी साधारण एक ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. या आजारातली सगळी फसवणूक इथून सुरू होते. त्या आठवड्यात जो कोणी जे काही देईल, ते लागू पडतं.

पुढचे चौदा महिने काहीच नाही. मग दुसरा झटका. यावेळी तालुक्याला जाऊन रक्त तपासलं तर युरिक ॲसिड 6.4. कागदावर छापलेली मर्यादा 7.2, म्हणून 'नॉर्मल', म्हणून गाऊट नाही. यात दोन चुका आहेत. झटका चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड बऱ्याच जणांत खाली येतं. खरा आकडा पाहायचा तर सूज उतरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला हवं. आणि छापील मर्यादा ही लोकांत किती आढळतं त्याची आहे, स्फटिक कधी जमतात त्याची नाही. 37 अंश तापमानाला युरेट 6.8 मिलिग्रॅमच्या पुढे विरघळून राहत नाही. पायाचा अंगठा पोटापेक्षा काही अंश थंड, तिथे त्याहूनही लवकर साका बसतो. खडीसाखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की त्यावर खडे धरतात. सांध्यातली कूर्चा म्हणजे तो दोरा. पाक दाट राहील तोवर खडे वाढत राहणार, मग दुखो वा न दुखो.

त्याच भेटीत आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्तचाचणी) किंचित वाढलेला निघाला आणि कागदावर 'आमवात' लिहिलं गेलं. हा शिक्का सहा वर्षं टिकला. वाढत्या वयात आणि इतर अनेक कारणांनी ही चाचणी थोडी वर जाते. एकाच सांध्यात रात्रीत चढणारं आणि आठवड्यात पूर्ण उतरणारं दुखणं आमवाताचं नसतं.

44 ते 48 या वयात वर्षाला दोन-तीन झटके, घोटा आणि गुडघाही त्यात आले. 49 नंतर जवळजवळ दर महिन्याला. कापूस वेचणीच्या हंगामात मेडिकलवरून डायक्लोफेनॅक 50 या वेदनाशामकाच्या दोन-दोन गोळ्या रोज, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. याच काळात रक्तदाब निघाला आणि जी गोळी सुरू झाली तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड होतं. लघवी वाढवणारं हे औषध युरिक ॲसिड मूत्रपिंडात अडवून ठेवतं. रक्तदाबाची गोळी नवी लागली आणि झटके वाढले, असं कुणी सांगितलं तर आधी त्या पट्टीवरची नावं वाचावीत.

पन्नाशीला पुडी सुरू झाली आणि पुढची दोन-अडीच वर्षं एकही झटका आला नाही. घरात पुडीवाल्याचं नाव देवासारखं घेतलं जाऊ लागलं. नेमक्या याच शांत वर्षांत कोपरावर पहिली गाठ आली. स्टेरॉईड सूज दाबतं, युरिक ॲसिड नाही. आग विझलेली दिसत होती, लाकडं रचली जातच होती.

तपासणीत काय उरलेलं दिसलं

उजव्या कोपरामागे लिंबाएवढी, चार सेंटिमीटरची गाठ. दोन्ही कानांच्या पाळीच्या वरच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके खडे (हे रुग्ण कधी सांगत नाही, आपण कान वळवून पाहायचे असतात). तर्जनीच्या मधल्या पेरावर आवळ्याएवढी गाठ फुटलेली. चार महिन्यांपूर्वी पू समजून तिला चिरा दिला होता. आतून पू आला नाही, चुन्याच्या साक्यासारखा दाट पांढरा लगदा आला. तेव्हापासून जखम भरत नव्हती आणि प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले होते. युरेटची गाठ कापून पूर्ण निघत नाही. कडा युरेटने भरलेल्या असतात, त्यांना टाका धरत नाही. संसर्ग, नस दबणं किंवा सांधा अडणं यांसारखं कारण असेल तरच शस्त्रक्रिया, एरवी गाठ रक्तातला आकडा उतरवून आतून विरघळवायची. न उपचारलेल्या गाऊटमध्ये अशा गाठी पहिल्या झटक्यानंतर सरासरी दहाएक वर्षांनी वर दिसू लागतात. आत, हाडाजवळ, त्या बऱ्याच आधी बसलेल्या असतात.

पायाचा एक्स-रे : अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याजवळचं हाड उंदराने भाकरीची कड कुरतडावी तसं खाल्लेलं, आणि खड्ड्याच्या काठाला हाडाचीच एक चोच बाहेर वळलेली. ही वळलेली चोच गाऊटची खूण. आमवातात सांध्यातली फट लवकर मिटते, गाऊटमध्ये ती बराच काळ शाबूत राहते. म्हणूनच 'सांधा चांगला आहे' असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं. पहिल्या पाच-सात वर्षांत एक्स-रे स्वच्छ असतो, हेही लक्षात ठेवावं.

मूत्रपिंडाचं चित्र तीन आठवड्यांनी स्पष्ट झालं. सलाईन मिळालं, डायक्लोफेनॅक थांबलं, तसं क्रिएटिनिन 3.1 वरून 1.9 वर आलं आणि तिथेच अडलं. ईजीएफआर (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता) 41, म्हणजे जुना मूत्रपिंड विकार, टप्पा 3 ब. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं थोडी आक्रसलेली, उजवीकडे 7 मिलिमीटरचा खडा. पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये तो दिसलाच नव्हता, कारण युरिक ॲसिडचा खडा क्ष-किरण अडवत नाही. लघवीचा पीएच 5.0. लघवी सतत 5.5 च्या खाली आंबट असली की युरिक ॲसिड विरघळत नाही, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात सकाळी सहा ते अकरा शेतात राहून दोन तांबे पाणी पिणाऱ्याची लघवी आंबट आणि दाट दोन्ही असते.

या मूत्रपिंडाचं नुकसान युरिक ॲसिडने किती केलं, रक्तदाबाने किती आणि गोळ्यांनी किती, याची वाटणी करता येत नाही. पण क्रम लावायचा झाला तर वर्षानुवर्षांच्या डायक्लोफेनॅकला सर्वांत वर ठेवावं लागेल. आणि ते घेतलं गेलं ते गाऊटवर खरा उपचार न झाल्यामुळेच.

हृदयाच्या सोनोग्राफीत डावा कप्पा जाड झालेला. झटके येणाऱ्या गाऊटचा हृदयाशी संबंध केवळ वजन आणि रक्तदाब यांमार्फतच असतो असं नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात गाऊटच्या झटक्यानंतरच्या साठ दिवसांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला आढळला. महिन्याला एक झटका येणारा माणूस त्या साठ दिवसांतून कधी बाहेरच पडत नाही.

पुडीने दिलेलं वेगळं : एचबीए1सी (मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज) 7.4, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, कण्यातला एक मणका दबलेला. उंची तीन सेंटिमीटरने कमी झाली होती. धोतर लांब वाटायला लागलंय, एवढंच त्याच्या लक्षात आलं होतं.

उपचार, आणि जिथे तो अडला

स्टेरॉईड एकदम तोडता येत नव्हतं. हायड्रोकॉर्टिसोन उतरवून प्रेडनिसोलोन 30 मिलिग्रॅम, पाच दिवस. तेवढ्यात सांधे शांत झाले. मग चार आठवड्यांत 5 मिलिग्रॅमपर्यंत, आणि त्याखाली फार सावकाश, सकाळचं कॉर्टिसॉल पाहत. खिशात चिठ्ठी : ताप, उलट्या, अपघात किंवा शस्त्रक्रिया असेल तर स्टेरॉईडचा डोस वाढवणं गरजेचं. थायझाइड बंद करून लोसार्टन 50, कारण ते रक्तदाबासोबत युरिक ॲसिडही थोडं लघवीवाटे बाहेर घालवतं. आठवड्याने पोटॅशियम तपासलं, 4.6.

घरी जाण्यायोग्य झाल्यावर, झटका पूर्ण ओसरलेला असताना युरिक ॲसिड 10.4. आता युरिक ॲसिडच कमी करणारं मूळ औषध : अ‍ॅलोप्युरिनॉल. हे 1966 पासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरी पंधरा वर्षांत एकदाही लिहिलं गेलं नव्हतं. सुरुवात रोज 50 मिलिग्रॅमने. मूत्रपिंड ठीक असतं तर 100 ने केली असती. दर चार आठवड्यांनी 50 वाढवायचे आणि वाढवण्याआधी युरिक ॲसिड, क्रिएटिनिन व यकृताची तपासणी. मूत्रपिंड कमजोर असेल तर सुरुवात लहान डोसने करायची, पण तिथेच थांबायचं नाही. '100 वर ठेवा, किडनी खराब आहे' असा सल्ला वर्षानुवर्षं पाळणारे रुग्ण पुष्कळ दिसतात, आणि त्यांचा आकडा 8 वर बसलेला असतो. धोका डोसाच्या आकड्यापेक्षा पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या पुरळाचा. अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप यांपैकी काहीही आलं तर गोळी त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठायचा. हे बायकोला आणि मुलाला वेगळं सांगितलं, रुग्ण विसरतो.

गाठी असल्याने लक्ष्य 6 ऐवजी 5 च्या खाली. सोबत झटके टाळायला कॉल्चिसिन 0.5 मिलिग्रॅम रोज एक, सहा महिने. ईजीएफआर 30 च्या खाली असता तर दिवसाआड दिलं असतं. कॉल्चिसिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेऊ नये. मूत्रपिंड कमजोर असताना ही जोडी जीवावर बेतते. आणखी एक इशारा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांसाठी : कळलावीच्या कंदात हेच कॉल्चिसिन असतं, पण किती ते कंदागणिक बदलतं. सांधेदुखीवर तो उगाळून पोटात घेणं म्हणजे विषाचा डोस अंदाजाने घेणं.

सहाव्या आठवड्यात गाडी अडली. डावा घोटा सुजला. "गोयीनंच दुखनं उठाडं" (गोळीनेच दुखणं उठवलं) असं म्हणून त्याने अ‍ॅलोप्युरिनॉल सोडलं. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. रक्तातला आकडा उतरू लागला की सांध्यात चिकटलेले स्फटिक सैल होऊन सुटतात आणि सूज येते. हे होणार आहे हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही, तर निम्मे रुग्ण इथेच गळतात. प्रेडनिसोलोनचा पाच दिवसांचा वाढीव डोस दिला, अ‍ॅलोप्युरिनॉल त्याच डोसवर पुन्हा चालू केलं. दुखण्यातही ते चालूच ठेवायचं असतं. "आबा, घराला रंग देण्याआधी जुना पोपडा खरवडावा लागतो, धूळ उडणारच," असं मुलाने समजावलं आणि ते डॉक्टरांच्या समजावण्यापेक्षा बरं लागू पडलं.

150 मिलिग्रॅमला युरिक ॲसिड 8.1, 250 ला 6.3, 300 ला 5.2, 350 ला 4.7. तिथे डोस स्थिर.

खड्यासाठी पोटॅशियम सायट्रेट, लघवीचा पीएच 6.5 च्या आसपास. घरी तपासायला पट्ट्या दिल्या. लोसार्टनबरोबर पोटॅशियम चढू शकतं, म्हणून पहिल्या महिन्यात दोनदा रक्त. पाणी पिण्याचं माप तांब्यांत न सांगता लघवीत सांगितलं : दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. उन्हाळ्यात त्यासाठी चार लिटर प्यावं लागेल. शेतात पाच लिटरचा कॅन न्यायचा आणि रिकामा आणायचा. साडेचार महिन्यांत खडा सोनोग्राफीतून गेला, चिरफाड न करता.

ताटाबद्दल थोडं

या घरात नऊ वर्षं तुरीची डाळ बंद होती. वांगं, टोमॅटो, पालक बंद. उडीद आहे म्हणून कळण्याची भाकरी बंद. भरीत नाही, वरणबट्टी नाही, आणि शनिवारची देशी मात्र चालू, कारण ती 'बिअर नाही'. डाळी आणि भाज्यांतल्या प्युरिनने (शरीरात ज्यापासून युरिक ॲसिड बनतं त्या घटकाने) गाऊट वाढत नाही. वाढतो तो कलेजी, वजडी, सुकट, लाल मटण यांनी, कुठल्याही दारूने (बिअरने सर्वांत जास्त), आणि बाटलीतल्या गोड पेयांनी. सगळं पथ्य काटेकोर पाळलं तरी युरिक ॲसिड साधारण एका अंकाने उतरतं. 10.4 चं 9.4 होतं. म्हणून पथ्याला औषधाच्या जागी बसवू नये. डाळ परत सुरू केली, बिनसायीचं दूध आणि ताक वाढवलं, दारू बंद, सुकट महिन्यातून एकदा. शेवभाजीवर अंकुश ठेवला तो मिठापायी, रक्तदाबासाठी.

दीड वर्षानंतर

शेवटचे नऊ महिने एकही झटका नाही. कानावरचे खडे गेले. कोपराची गाठ चारवरून दीड सेंटिमीटर. तर्जनीची जखम पाचव्या महिन्यात भरली, पण बोट वाकत नाही. वेचणीला बोंड डाव्या हाताने काढतो. अंगठ्याचं कुरतडलेलं हाड तसंच आहे. चालताना पाय बाहेर टाकतो, त्यासाठी पुढून रुंद आणि कडक तळाचा बूट दिला. ईजीएफआर 44. घसरण थांबली, गेलेलं परत आलं नाही. स्टेरॉईड पूर्ण सुटायला चौदा महिने लागले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. अ‍ॅलोप्युरिनॉल कायमचं. सोडलं तर आकडा काही आठवड्यांत पुन्हा चढतो, आणि झटका येईपर्यंत वर्षही जाईल, तोवर कुणाला कळणारही नाही.

बापासोबत येणाऱ्या 31 वर्षांच्या मुलाने स्वतःहून रक्त दिलं : 7.9. सांधा कधी दुखलेला नाही, खडा नाही, मूत्रपिंड चांगलं. त्याला गोळी सुरू केली नाही, नुसत्या वाढलेल्या आकड्याला औषध लागत नाही. वजन आठ किलो उतरवायचं, कोल्ड्रिंक बंद, वर्षातून एकदा युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन. आणि एखाद्या रात्री अंगठा ठणकून जाग आली, तर सकाळी मेडिकलवर नाही, सुजलेल्या पायाने थेट दवाखान्यात यायचं.